एक वर, एक खाली

एका सोमवारी सकाळी बाबांनी टपरी उघडली, एका चपलेचा अंगठा शिवायला घेतला आणि तो शिवून व्हायच्या आत ते गेले. मी तेव्हा बोर्डीला कामावर होते. शेजारच्या पानवाल्याने फोन केला. मी साडेअकराच्या बसने डहाणूला आले. तोवर त्यांना घरी आणलं होतं. जिची चप्पल होती ती बाई आमच्या दाराशी एका पायात चप्पल घालून उभी होती.

ती आगर गावची कोळीण. बाबा तिला बाय म्हणायचे आणि ती त्यांना दादा म्हणायची. मासळीची पाटी शेजारणीकडे सोपवून ती आमच्या घरापर्यंत चालत आली होती. बाबांचे दिवस झाल्यावर मी ती चप्पल तिला नेऊन दिली. अर्धा अंगठा शिवलेला, दोरा लोंबत असलेला. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाकडून पुरा करून घ्या. तिने लोंबणारा दोरा दातांनी तोडला, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाली की दादाचे पाच टाके दुसऱ्याच्या दहांना भारी आहेत, चालंल. पावसाळ्यापर्यंत ती चप्पल तिच्या पायात मी पाहत होते.

बाबांची टपरी स्टेशनपासून जवळ, एका भिंतीला टेकून होती. वर पत्रा, खाली पाट, पुढे लोखंडी पाय, ज्यावर चप्पल उलटी घालून खिळे ठोकतात. उजव्या हाताला एका डब्यात चामडं कापायची रापी, पक्कड, हातोडी, मेणाचा गोळा आणि आऱ्या. आरी म्हणजे चामड्याला भोक पाडायचं टोकदार हत्यार. आमच्या धंद्यात याहून साधं हत्यार नाही. एक मूठ आणि एक टोक. बाबांकडे तीन होत्या. एक बारीक, वरच्या चामड्यासाठी. एक जाड, तळासाठी. आणि एक मधली. तिच्या टोकाजवळ एक छोटी खाच होती. भोक पाडून टोक पलीकडे गेलं की त्या खाचेत दोरा अडकवायचा आणि आरी मागे ओढायची, की दोरा तिच्यामागून येतो. मधली आरी त्यांनी स्वतः केली होती. सायकलच्या चाकाची तार घासून टोक केलं आणि चिकूच्या लाकडाची मूठ बसवली. इकडे चिकूच्या वाड्या आहेत, छाटणीच्या फांद्या कोणीही देतं. चिकूचं लाकूड जड आणि कठीण असतं. तरी चाळीस वर्षांत त्या मुठीला त्यांच्या तळव्याचा खोलगटपणा आला होता.

दोरा ते मासेमारीच्या जाळ्याचा वापरत. कोळणींच्या चपला खाऱ्या पाण्यात भिजतात, साध्या दोऱ्याची वीण महिनाभरात सुटते. नायलॉनचा दोरा चिवट, पण गुळगुळीत, गाठ धरत नाही. म्हणून ते त्याला मेण चोळत. भोक दोऱ्यापेक्षा लहान पाडायचं, दोरा कुरकुरत आत गेला पाहिजे, हा त्यांचा नियम. त्यांचे टाके मोजपट्टी लावल्यासारखे सरळ असत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. बोलून दाखवत नसत, पण काम झालेली चप्पल गिऱ्हाइकाच्या हातात देताना टाक्याची बाजू वर करून देत. गुजराती बायांशी गुजरातीत बोलत, तलासरीकडून बाजाराला आलेल्या माणसांशी त्यांच्या बोलीत, कोळणींशी कोळणींसारखं. फार मात्र कोणाशीच बोलत नसत. तोंडात बहुतेक वेळा दोन-तीन खिळे धरलेले असायचे.

माझा डावा पाय जन्मापासून उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. मी चालायला लागले तेव्हापासून माझा डावा बूट बाबांनी केला. उजवा बाजारातला घ्यायचा आणि डावा त्याच्यासारखा दिसेल असा घडवायचा, ही त्यांची रीत. वरचा भाग चामड्याचा, खाली रबरी सोल, आणि दोन्हींच्या मध्ये दोन बोटं उंचीचा लाकडी ठोकळा. ठोकळा पांगाऱ्याचा. पांगाऱ्याचं लाकूड इतकं हलकं असतं की हातात घेतलं तर आतून पोकळ वाटतं. आरीने हातानेच भोक पडतं, यंत्र लागत नाही. ठोकळ्याभोवती ते चामड्याची एक पट्टी बारीक खिळ्यांनी बसवत, आणि खिळे दिसू नयेत म्हणून तिच्यावर दुसरी पट्टी सोल्यूशनने चिकटवत. पुरा झालेला बूट टेबलाखाली उजव्याशेजारी ठेवला तर कोणालाही पटकन फरक कळत नसे.

मी लहान असताना शाळा सुटल्यावर टपरीत बसून वाचत असे. एकदा एका गिऱ्हाइकाने माझ्याकडे बघून बाबांना विचारलं, पोरगी लंगडी आहे का. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, लोक विचारतात. बाबांनी तोंडातले खिळे काढून तळहातावर ठेवले.

“तिच्यापासून जमीन दोन बोटं लांब आहे,” ते म्हणाले. “ती मी जवळ आणून देतो.”

एवढं बोलून त्यांनी खिळे परत तोंडात घातले. त्या माणसाला काय वाटलं मला माहीत नाही. मी पुस्तकातून डोकं वर केलं नाही. पण त्यानंतर माझ्या पायाबद्दल कोणी विचारलं की मी हेच सांगत आले आहे, आणि सांगताना मान वर असते.

मला त्यांनी काम शिकवलं नाही. मी दहावीत असताना एकदा आरी मागितली, तर म्हणाले, तू वाच. आमच्यात आरी हातातून हातात देत नाहीत. खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. त्या दिवशी त्यांनी ती खाली ठेवली नाही. मी वाचत राहिले. पदवी घेतली, ग्रंथपालाचा अभ्यासक्रम केला, आणि बोर्डीच्या एका शाळेच्या ग्रंथालयात लागले. त्याला आता सोळा वर्षं झाली. रोज डहाणूहून बस, बोर्डीच्या थांब्यापासून शाळेपर्यंत सुरूच्या झाडांच्या बाजूने चालत, मग एक जिना, आणि दिवसभर कपाटांमधून फिरणं. त्यांच्या बुटांवर मी हे सगळं करत आले. दर दीड वर्षाने एक बूट. उजवा मी निवडायचा, डावा ते करायचे.

शेवटच्या तीन-चार वर्षांत त्यांचा हात कापायला लागला. चहा पिताना बशीत सांडायचा. सुईत दोरा ओवायला ते मला बोलवायचे, आणि ओवून दिला की खिडकीकडे बघत बसायचे, जणू मी दुसरंच काही करत होते. एका रविवारी मी त्यांना म्हटलं, “बाबा, आता पुरे करा. हात कापतो तुमचा.”

त्यांनी माझ्या पायाकडे बोट केलं. “तुझ्या बुटाला कापला का?”

खरं तर मला वाटत होतं की बुटालाही कापतच असेल, आपल्याला दिसत नाही इतकंच. त्यांच्याबद्दल मला तेव्हा कणव वाटायची. आज ते लिहायला जड जातं.

ते गेले तेव्हा माझ्या पायात होता तो बूट त्यांनी वर्षभरापूर्वी केलेला. सहा महिन्यांनी त्याचा सोल झिजून ठोकळा एका बाजूला उघडा पडला. पावसाचं पाणी लाकडात शिरायला लागलं. पाय आत कलायचा आणि संध्याकाळपर्यंत कंबर भरून यायची. एक दिवस वरच्या कप्प्यातलं पुस्तक काढताना तोल गेला आणि मी कपाटाला धरून उभी राहिले. नवा बूट लागणार होता, नाहीतर रोजचं बोर्डीला जाणं थांबणार होतं. ते थांबलं असतं तर मी घरात बसले असते. पायामुळे मी घरात बसलेली बाबांना एक दिवसही बघावी लागली नव्हती.

वापीला एका दुकानात माप देऊन बूट करून घेतला. त्यांनी नीट माप घेतलं, यंत्रावर उभं केलं, कागद दिला. दोन महिन्यांनी बूट आला. वाईट नव्हता. पण घोट्यापाशी घासायचा, आणि दुरून बघणाऱ्याला आधी तो बूट दिसायचा, मग मी. पंधरा दिवस घातला. घोट्याची साल निघाली तेव्हा काढून ठेवला.

त्या संध्याकाळी आई जेवणाचं आवरून माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या हातात बाबांचा डबा होता. टपरी रिकामी केल्यापासून तो भिंतीतल्या देवळीत होता. खंडेनवमीला तिने आऱ्या धुऊन, पुसून, हळद-कुंकू लावून परत ठेवल्या होत्या. तिने चिकूच्या मुठीची आरी काढली आणि माझ्या पुढ्यात जमिनीवर ठेवली.

“त्यांनी नाही दिली मला,” मी म्हटलं.

“तेव्हा ते होते ना करून द्यायला,” आई म्हणाली. “उचल आता. मला भांडी घासायची आहेत.”

मी उचलली. माझा हात लहान आहे, मुठीतला खोलगट भाग माझ्या तळव्यात बसला नाही.

सुरुवातीचे दोन महिने मी फक्त तुकड्यांवर भोकं पाडली. वाचणाऱ्या माणसाचा हात हलका असतो, हे मला तेव्हा कळलं. टोक टेकवून जोर लावला की आरी घसरायची. डाव्या हाताच्या बोटांना इतक्या वेळा टोचली की ग्रंथालयात पुस्तकावर शिक्का मारताना सहकारी बाई विचारायच्या, घरी मांजर पाळलं का. हळूहळू कळलं की जोर मनगटातून नाही, खांद्यातून लावायचा आणि टोक आत जाताना मूठ किंचित फिरवायची. चामडं आधी ओलं करायचं, पण फार नाही. जाड चामड्यातून टोक पलीकडे आलं की बारीक टच असा आवाज येतो. तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते. तो स्वतःच्या हातून यायला दोन महिने लागले.

पांगाऱ्याचे ठोकळे घरात तीन शिल्लक होते. तलासरीजवळच्या एका पाड्यावरचे एक म्हातारे काका बाबांना ते आणून देत. काका बोहाड्याच्या उत्सवासाठी देवांचे, राक्षसांचे लाकडी मुखवटे कोरतात. मुखवटा घालून रात्रभर नाचायचं म्हणजे लाकूड हलकंच लागतं, म्हणून त्यांच्याकडे पांगारा असतो. बाबांची आणि त्यांची ओळख माझ्या लहानपणापासूनची.

बूट कसा बांधलाय हे बघायला मी झिजलेला जुना बूट उकलला. सोल काढला, वरची पट्टी रापीने सोलली. आतली पट्टी दिसली आणि तिच्यावरचे खिळे. मी हातातली रापी खाली ठेवली.

खिळे वाकडेतिकडे होते. एक वर, एक खाली, पुन्हा एक वर. पूर्ण ठोकळ्याभोवती एकही ओळ सरळ नव्हती. ज्या माणसाचे चपलेवरचे टाके रेघेसारखे असायचे, त्याचे हे खिळे. वर दुसरी पट्टी चिकटवली की कोणाला दिसणार नाही, म्हणून त्यांनी ते तसेच सोडले असणार, असं मला वाटलं. तुझ्या बुटाला कापला का, असं विचारलं होतं त्यांनी. मला वाटलं, हे झाकण्यासाठीच विचारलं असेल. मी बराच वेळ रडले. आईला सांगितलं नाही.

मग ठरवलं की माझा बूट त्यांना शोभेल असा करायचा. दिसो न दिसो, आतली ओळसुद्धा सरळ असेल. नव्या ठोकळ्यावर मी मोजपट्टी आणि पेन्सिल घेऊन चारही बाजूंनी रेघ मारली, एकेका बोटाच्या अंतरावर खुणा केल्या आणि त्या खुणांवर आरीने भोकं पाडली. पांगाऱ्यात टोक लोण्यासारखं जात होतं. खिळे बसवले, दुसरी पट्टी चिकटवली, वरचं चामडं शिवलं. तीन आठवडे लागले. आईने बूट हातात घेऊन उलटासुलटा केला, आत हात घालून बघितला.

“नेटका आहे,” ती म्हणाली. “यांच्याहून नेटका.”

हे ऐकून मला आनंद झाला होता, हे मी इथे लपवत नाही.

पहिल्या दिवशी मी तो घालून निघाले. बसमध्ये चढताना काही झालं नाही. खिडकीशी बसून मी पाय पुढे करून त्याच्याकडे बघत होते. बोर्डीला उतरताना शेवटच्या पायरीवरून सगळा भार डाव्या पायावर आला आणि खाली कट असा आवाज झाला. दोन पावलं टाकली तर बूट पायाखाली सरकायला लागला. थांब्यावरच्या कट्ट्यावर बसून बघितलं. ठोकळा आडवा दुभंगला होता. वरचा अर्धा भाग माझ्या पायाला आणि खालचा सोलाला. फट अगदी खिळ्यांच्या ओळीतून गेली होती, चारही बाजूंनी, पट्टीने आखल्यासारखी.

शाळेपर्यंत मी एक पाय बुटात आणि एक मोज्यावर अशी गेले. शिपायाने जिन्याशी हात पुढे केला, मी तो धरला. त्या दिवशी मी खुर्चीतून उठले नाही. मुलं पुस्तकं माझ्यापर्यंत आणून देत होती.

पुढच्या रविवारी मी तलासरीला गेले. उकललेला जुना बूट जाळ्याच्या दोऱ्याने आवळून बांधला होता, नवा होईपर्यंतही तसाच वापरला होता. जीपमधून उतरून पाड्यापर्यंत चालायला मला एक तास लागला, एरवी वीस मिनिटांचा रस्ता. काका अंगणात बसून एका मुखवट्याचं नाक कोरत होते. बाबा गेल्याचं त्यांना कळलं होतं, दहाव्याला ते येऊन गेले होते. काकूंनी कोरा चहा दिला. मी पिशवीतून दुभंगलेला ठोकळा काढला आणि सांगितलं की लाकूड कुजकं निघालं वाटतं, घरात उरलेलेही त्यातलेच असतील, दुसरं द्या.

काकांनी दोन्ही तुकडे घेतले, एकमेकांवर बसवले, परत वेगळे केले. मग माझ्याकडे बघून ते हसले.

“बाय, हे तू बनवलंस का चिरलंस?”

“बनवलं.”

“चिरल्यासारखंच बनवलंस.”

ते उठले, ढिगातून पांगाऱ्याचा एक तुकडा घेतला आणि लोखंडी टोच्याने त्याच्या बाजूवर एका ओळीत पाच-सहा भोकं पाडली. मग तुकडा दगडावर उभा धरून वरून हातोडीचा एक हलका ठोका दिला. तुकडा भोकांच्या ओळीतून सरळ दुभंगला. ते म्हणाले की लाकडाला आत रेघा असतात. एका रेघेवर सगळी भोकं पाडली की ती रेघ उघडते. त्यांना लाकूड चिरायचं असलं की ते हेच करतात. धरून ठेवायचं असलं की एक भोक या रेघेवर, दुसरं त्या रेघेवर. एक वर, एक खाली.

मी त्यांना जुन्या बुटातल्या खिळ्यांचं सांगितलं. म्हटलं, मला वाटलं बाबांचा हात कापत होता.

“चहा पिताना कापायचा,” काका म्हणाले. “आरी धरली की नाय. मी बघलाय ना त्याला, इथंच बसून.”

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी बाबांनी मला कधी सांगितली नव्हती. मी दीड वर्षाची असताना बाबा याच अंगणात आले होते, पहिल्यांदाच, हातात एका छोट्या बुटाच्या ठोकळ्याचे दोन तुकडे घेऊन. त्यांना काकांच्या वडिलांनी दाखवलं होतं, आत्ता काकांनी मला दाखवलं तसंच, ठोका देऊन. बाबांनी दुभंगलेली बाजू अंगठ्याने चाचपली. मग म्हणाले की चामड्याला अशा रेघा नसतात.

“तुम्ही चामड्याची माणसं,” काका म्हणाले. “सरळ भोक पाडणार. तुमच्यात त्यालाच चांगलं म्हणतात. तुझा बापूस पण चुकला, तू पण चुकलीस. एकाच घरची.”

त्यांनी मला दोन ठोकळे दिले. निवडताना प्रत्येक उन्हात धरून, नखाने रेघ चाचपून, दोन बाजूला टाकले आणि दोन ठेवले. काकूंनी त्यांच्या मुलाला मोटारसायकलवरून मला हायवेपर्यंत सोडायला सांगितलं.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. माझं झाल्यावर ती उठली, स्टुलावर चढून माळ्यावरचं एक पोतं ओढून काढलं आणि खाली टाकलं. पोत्यात बूट होते. सगळे डावे. माझे. पायातून निघालेला एकही बूट तिने टाकला नव्हता, हे मला पंचेचाळीस वर्षं माहीत नव्हतं. मी विचारलं, कशाला ठेवलेस. ती म्हणाली, त्यांनी केलेले आहेत, टाकते कशाला.

आम्ही दोघी जमिनीवर बसलो. मी सगळ्यात लहान बूट उचलला. माझ्या तळहातावर मावेल एवढा. त्यावरची पट्टी वाळून कडक झाली होती, रापी लावताच सुटली. आत बारीक खिळे होते, गंजलेले. एक वर, एक खाली. मग चौथीतला उकलला, मग कॉलेजातला. बाबा तिशीत असतानाचा, चाळिशीत असतानाचा, केस पिकल्यानंतरचा. सगळ्यांत तेच. आणि नीट बघितलं तर त्या वरखालीलाही माप होतं. वरच्या खिळ्यांची एक ओळ, खालच्यांची एक ओळ, दोन्हींमध्ये ठरलेलं अंतर, मूल असतानाच्या बुटात कमी, मोठेपणी जास्त. शेवटच्या बुटातही, ज्याच्यावर मी रडले होते, दोन्ही ओळी सरळ होत्या. मला त्या दिसल्या नव्हत्या, कारण मी एकच ओळ शोधत होते.

आई चौथीतला बूट मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली की हा घालून मी बक्षीस घ्यायला स्टेजवर गेले होते, आणि बाबा मागच्या रांगेत उभे राहून माझ्या पायाकडे बघत होते, तोंडाकडे नाही. घरी येऊन त्यांनी तिला सांगितलं होतं की बूट चांगला बसला पायात. बक्षिसाचं ती त्यांना विचारेपर्यंत त्यांच्या लक्षातच नव्हतं.

मला आयुष्यभर वाटत आलं की घरात शिकलेली मी आहे. पुस्तकं लावणं, नोंद ठेवणं, एखादी गोष्ट कुठे सापडेल ते सांगणं, हे माझं काम, आणि ते मी चांगलं करते. त्या पोत्यात बाबांचं एकेचाळीस वर्षांचं काम होतं, उकलल्याशिवाय कोणाला दिसू नये असं, आणि त्यात एकही ठोकळा दुभंगलेला नव्हता. मी एकेक मोजून पाहिला. सव्वीस होते.

त्या रात्री मी नवा ठोकळा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कामावरून आल्यावर बसले. रेघ एक नाही, दोन मारल्या. आरीचं टोक टेकवताना मूठ कशी धरायची ते या वेळी त्या जुन्या बुटांकडे बघून ठरवलं. भोक आत कसं तिरकं जातं, दोन भोकांची टोकं आत एकमेकांपासून लांब कशी राहतात, हे खिळे उपटल्यावर दिसलं. हे तिरक्या भोकाचं तंत्र त्यांना कोणी सांगितलं होतं की त्यांचं त्यांना सापडलं, ते मला आता कळणार नाही. काकांनाही माहीत नव्हतं.

बूट व्हायला पुन्हा तीन आठवडे लागले. आईने हातात घेऊन बघितला. पुसून दाराशी उजव्याशेजारी ठेवला.

पहिल्या दिवशी बोर्डीला उतरताना मी शेवटच्या पायरीवर थांबले. कंडक्टर म्हणाला, चला मॅडम, उतरायचंय की वापस डहाणू. मागे उभ्या असलेल्या बाया हसल्या. मी भार टाकला आणि उतरले. काही आवाज झाला नाही. शाळेपर्यंत गेले, जिना चढले, वरच्या कप्प्यातली पुस्तकं काढली, संध्याकाळी परत आले. कंबर दुखली नाही. घरी येऊन बूट उलटा करून बघितला. सोलावर वाळू होती, बाकी काही नाही.

एकदा बाजारात आगरच्या त्या कोळणीने मला थांबवलं आणि माझ्या पायाकडे बघत विचारलं की दादाने जाताना पुढचे बूट पण करून ठेवले होते का. मी म्हटलं, हा मी केलाय. तिने खाली वाकून बोटाने शिलाई चाचपली. मग म्हणाली की तिची जुनी चप्पल आता अंगठ्यात गेली आहे, उद्या घेऊन येते. मी नको म्हटलं नाही. तो अंगठा मी शिवून दिला, बाबांच्या पाच टाक्यांच्या पुढे. माझे टाके तितके सरळ नाहीत. तिने दोन्ही बघितले आणि फरक सांगितला, हातचं काही न राखता. तो फरक ऐकायला मला बरं वाटलं.

आता टपरीच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. घरात आई आहे आणि मी आहे. बाबांच्या तिन्ही आऱ्या देवळीत आहेत, मधली मी वापरते. पायात आहे तो मी केलेला तिसरा बूट. रोज सकाळी तो घालून मी बोर्डीला जाते.